आधी जमिनीखाली, मग शंभराव्या मजल्यावर
न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटर पाहायला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

न्यू जर्सीत मुलांकडे आलेली बरीच मंडळी एक अख्खा दिवस या जागेसाठी राखून ठेवतात. इथे पाहण्यासारखे तीन भाग आहेत. ९/११ चे, म्हणजे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांचे आणि मृतांचे स्मारक म्हणजे मोकळ्या पटांगणातली दोन मोठी जलकुंडे, तिथे तिकीट लागत नाही. त्याच्या खाली, जमिनीत सुमारे ७० फुटांवर संग्रहालय आहे. शेजारच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटर या इमारतीत १०० ते १०२ या मजल्यांवर वन वर्ल्ड ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे उंचावरून शहर पाहण्याची जागा आहे. संग्रहालय आणि ऑब्झर्व्हेटरी यांची तिकिटे वेगवेगळी असून दोन्हींवर प्रवेशाची वेळ छापलेली असते. जलकुंडे दाखवण्यासाठी रस्त्यात कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आमचे सांगणे एकच: आधी संग्रहालय, मग जलकुंडे, शेवटी उंच इमारत. संग्रहालयाला तीन तास सहज लागतात. वरची वेळ आधी घेतली की खाली घाई होते, आणि ही जागा घाईत पाहण्याची नव्हे.

जायचे कसे
एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेने नेवार्क पेन स्टेशन गाठा आणि तिथे वर्ल्ड ट्रेड सेंटरची पाथ (न्यू जर्सी ते मॅनहॅटन धावणारी वेगळी रेल्वे) गाडी पकडा. पाथचे भाडे वेगळे भरावे लागते. आधीच्या गाडीचे तिकीट तिथे चालत नाही. जर्सी सिटीकरांना पाथ थेट आहे. मॅनहॅटनमधून येणाऱ्यांना सबवेची ई किंवा १ क्रमांकाची गाडी सोयीची. पाथमधून उतरल्यावर पांढऱ्या फासळ्यांचे जे प्रचंड दालन लागते ते ऑक्युलस. स्वच्छतागृह आणि खाणे इथेच उरकून घ्या, कारण स्मारकाच्या पटांगणात स्वच्छतागृह नाही.

सुरक्षा तपासणी
संग्रहालय आणि ऑब्झर्व्हेटरी दोन्हीकडे विमानतळासारखी तपासणी होते. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि सामान ठेवायची सोय नसते. त्यामुळे विमानतळावरून परस्पर बॅगा घेऊन जाऊ नका. पर्समधला अडकित्ता किंवा फळे कापायची सुरी घरीच ठेवा. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा.

संग्रहालयात
मंगळवारी संग्रहालय बहुधा बंद असते. ११ सप्टेंबरलाही ते सर्वसामान्यांसाठी उघडे नसते. तिकीट काढण्यापूर्वी तारीख तपासा.

उतरणीवरून खाली जाताना एक ओबडधोबड काँक्रीटची भिंत लागते. तिच्यापुढे थांबाच. जुन्या मनोऱ्यांचा पाया खणताना हडसन नदीच्या बाजूचे पाणी अडवण्यासाठी ती बांधली होती. २००१ मध्ये मनोरे कोसळले तरी ही भिंत टिकली. ती फुटली असती तर पाणी आत शिरून पाथच्या बोगद्यांपर्यंत गेले असते, म्हणजे तुम्ही सकाळी ज्या मार्गाने आलात तिथपर्यंत. त्याच दालनात मलब्यातून सर्वांत शेवटी काढलेला ३६ फुटी खांब उभा आहे. मलबा उपसणाऱ्यांनी त्यावर लिहिलेल्या खुणा आणि चिकटवलेले फोटो आजही जवळून दिसतात.

त्या दिवसाचा घटनाक्रम सांगणारा विभाग वेगळा आहे. तिथे अडकलेल्या माणसांचे फोनवरचे आवाज ऐकू येतात. दहा वर्षांखालील मुलांना तिथे नेऊ नये. मोठ्यांनाही सहन झाले नाही तर वाटेतून बाहेर पडता येते, त्यात संकोच करू नका. या विभागात आणि मृतांची छायाचित्रे असलेल्या दालनात फोटो काढायला मनाई आहे. चालायला त्रास असणाऱ्या आजी-आजोबांना व्हीलचेअर मोफत मिळते, पण त्यांची संख्या मोजकी असल्याने आत शिरताच विचारा.

जलकुंडांपाशी
प्रत्येक कुंड जवळजवळ एक एकराचे आहे आणि नेमके जुन्या मनोऱ्याच्या जागी आहे. काठाच्या ब्राँझच्या पट्ट्यांत २,९८३ नावे आरपार कोरली आहेत: २००१ चे २,९७७ आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटातले ६ जण. अक्षरांवरून बोट फिरवले की कड हाताला लागते. रात्री तीच अक्षरे आतल्या उजेडाने उजळतात. नावे वर्णानुक्रमाने नाहीत. एकत्र काम करणारे, एकत्र प्रवास करणारे शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे एखादे नाव शोधायचे असेल तर आधी स्मारकाच्या नावांच्या यादीतून पट्टीचा क्रमांक घ्या. क्रमांकातले ‘एन’ म्हणजे उत्तर कुंड, ‘एस’ म्हणजे दक्षिण. भारतीय नावेही आहेत. काही स्त्रियांच्या नावापुढे ‘आणि तिचे न जन्मलेले बाळ’ असे कोरले आहे. एखाद्या नावात पांढरा गुलाब खोवलेला दिसला तर त्या दिवशी त्या व्यक्तीचा वाढदिवस आहे. तो हलवू नका. काठावर बसणे, पिशवी किंवा कॉफीचा कप ठेवणे टाळा.

वर जाताना
ऑब्झर्व्हेटरीचे दार वेस्ट स्ट्रीटच्या बाजूला आहे. चुकून त्याच इमारतीतल्या ऑफिसांच्या दाराशी रांग लावून वेळ घालवणारे पुष्कळ असतात. लिफ्ट ४७ सेकंदांत १०२ व्या मजल्यावर नेते. कानाला दडे बसतात, तेव्हा आवंढा गिळत राहा. सर्दी झालेल्यांनी गोळी चघळावी.

वरचा भाग पूर्ण काचबंद आहे, उघडी गच्ची नाही. ढग खाली उतरले तर काचेबाहेर फक्त पांढरे दिसते. तिकीट काढतानाच तारीख बदलण्याची अट वाचून घ्या. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नैर्ऋत्येला आहे. दुपारनंतर ऊन त्याच बाजूने येत असल्याने फोटो काळपट येतो. पुतळ्याचाच फोटो हवा असेल तर सकाळ बरी. एरवी सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्या, म्हणजे उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. जून अखेरीस सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, तर डिसेंबरमध्ये साडेचारलाच होतो. अंधारात काचेत आपलेच प्रतिबिंब येते. गडद कपडे घाला आणि फोनची लेन्स काचेला टेकवून फोटो काढा.