डाळिंबाचं अँटिऑक्सिडंट मुख्यतः फळाच्या सालीत, दाण्यात कमी: या गोष्टीची पार्श्वभूमी

सोलापूर म्हटलं की सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडचं डाळिंब आलंच. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच झालं, नंतर सोलापूर डाळिंबाला जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. आता ज्यूसवाल्यापासून पावडरवाल्यापर्यंत सगळेच "अँटिऑक्सिडंट भरपूर" म्हणत विकतात, पण हे आलं कुठून ते कुणी सांगत नाही.

आपल्याकडं डाळिंब आधीपासून औषधातच होतं. चरकसंहितेत दाडिम आहे, दाडिमाष्टक चूर्ण आजही दुकानात मिळतं, आणि पोरांना जुलाब लागले की वाळलेली साल सहाणेवर उगाळून द्यायची हे घरोघरी चालायचं. तो जीभ ओढणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. लोखंडी विळीवर डाळिंब कापलं की पातं काळं पडतं ना, ते पण यानंच, टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळा रंग होतो.

युरोपातल्या केमिस्ट लोकांना मात्र आधी मुळाच्या सालीत इंटरेस्ट होता, कारण ती पोटातल्या चपट्या जंतांवर चालायची. फ्रान्सच्या शार्ल तान्रे यांनी १८७८ मध्ये त्यातून पेलेटिएरिन हे अल्कलॉइड (वनस्पतीतलं एक प्रकारचं तीव्र रसायन) वेगळं काढलं. (हे विषारी पण आहे, घरी मुळाची साल उकळत बसू नका.)

अँटिऑक्सिडंटची हवा खूप नंतरची. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी म्हातारपणामागं फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, असतात अशी थिअरी मांडली, मग कशात किती अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशा रेणूंना शांत करणारे पदार्थ, हे मोजायची लाटच आली. २००० साली स्पेन आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी दाखवलं की बाजारातल्या डाळिंब ज्यूसची अँटिऑक्सिडंट ताकद रेड वाइन आणि ग्रीन टीच्या तिप्पट भरते. इथं खरी गंमत आहे, तो ज्यूस अख्खं फळ दाबून काढलेला, सालीतलं प्युनिकॅलॅजिन नावाचं टॅनिन त्यात उतरलेलं, नुसत्या दाण्यांच्या रसाचा आकडा त्यापेक्षा कमीच आला. म्हणजे आपण दाणे सोलून रस काढतो आणि मेन माल उकिरड्यावर टाकतो!

पण आकडा परीक्षानळीतला. प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात जात नाही, आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाचं दुसरंच रसायन करतात, ते पण प्रत्येकात सारखं होत नाही, काहींच्यात जवळपास होतच नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एका मोठ्या डाळिंब ज्यूस कंपनीवर हृदयविकार, प्रोस्टेट कॅन्सर असल्या दाव्यांवरून केस केली, आणि २०१२ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं ओआरएसी आकड्यांचा (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा) तक्ताच वेबसाइटवरून काढून टाकला, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि त्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध सिद्ध झाला नव्हता. आपल्याकडं जाहिरातवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचली नसावी.