शांता आपटे आणि शांता हुबळीकर: प्रभातच्या दोन शांता

'कशाला उद्याची बात' हे गाणं निघालं की हटकून कुणीतरी म्हणतं, "शांता आपटे काय गायल्यात!" गाणं शांता हुबळीकरांचं आहे. पण घोटाळा होतो, तो का हेही कळतं. दोघींचं नाव एक, चित्रपट कंपनी प्रभात, गाजलेल्या चित्रपटांचे दिग्दर्शक शांतारामबापू, म्हणजे व्ही. शांताराम. त्यात पार्श्वगायन रुळण्याआधीचा तो काळ, म्हणून दोघीही आपली गाणी आपणच म्हणायच्या.

शांता आपटे म्हणजे 'कुंकू' (१९३७) मधली नीरा. फसवून काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली ही मुलगी त्याला नवरा मानायलाच तयार होत नाही. घरात राहते, पण नमत नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला तर ती चांगलं झोडपून काढते. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांसमोर तिची ती ताठ मान आजही बघत राहावीशी वाटते. याच चित्रपटात त्यांनी अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायली आहे.

शांता हुबळीकर म्हणजे 'माणूस' (१९३९) मधली मैना. त्या मूळच्या हुबळीकडच्या, कानडी मुलखातल्या. मैना वेश्या आहे. शाहू मोडकांचा गणपत हवालदार तिला धाडीतून वाचवतो आणि जीव लावून बसतो. 'कशाला उद्याची बात, बघ उडुनि चालली रात' ती गिऱ्हाइकांसमोर गाते आणि समोरच्याच्या प्रांताप्रमाणे गाण्याची भाषा बदलत जाते. शब्द अनंत काणेकरांचे, चाल मास्टर कृष्णरावांची. हुबळीकरांची कमाल अशी की गाणं वरवर मौजेचं वाटतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा लपत नाही. गणपत तिला आईच्या पाया पडायला घरी नेतो, तेव्हाची तिची घालमेल तर मला सगळ्या चित्रपटात सरस वाटते. नीरा अन्यायाला जाब विचारते. मैनाला आपण कुणाच्या घरात शोभू यावर विश्वासच बसत नाही. दोन्ही भूमिका बंडखोर बाईच्या म्हणून एका दावणीला बांधल्या जातात, ते मला मुळीच पटत नाही.

पडद्याबाहेरही फरक होताच. 'माणूस' आला त्याच १९३९ साली शांता आपटे कंपनीशी झालेल्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. त्या काळी नटीनं असं करणं म्हणजे केवढं धाडस! पुढे 'सावित्री' (१९४१) या तमिळ चित्रपटात त्या सावित्री झाल्या. नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. १९६४ साली, पन्नाशीही न गाठता शांता आपटे गेल्या. हुबळीकरांना दीर्घायुष्य लाभलं, पण उतारवय वृद्धाश्रमात गेलं. १९९२ साली त्यांचं निधन झालं.

दोघींनी पुस्तकं लिहिली, तीही एकमेकींहून वेगळी. आपट्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' १९४० सालचं, म्हणजे ऐन उमेदीत, याच धंद्यात राहून त्यातल्या पिळवणुकीवर बोट ठेवणारं. हुबळीकरांनी म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'कशाला उद्याची बात'.