इमारत देखभाल, ऊर्जाबचत आणि पर्यावरण-अनुपालन (पुणे)

इमारत देखभाल : इमारतीचा सांगाडा, गच्ची, नळ, वीजजोडणी आणि तिच्यातली यंत्रे मूळ क्षमतेने चालत राहावीत म्हणून केलेली नियमित तपासणी, साफसफाई, दुरुस्ती व सुट्या भागांची बदली. पुण्याच्या गृहसंस्थांत ‘मेंटेनन्स’ हा शब्द या कामापेक्षा दरमहा भरायच्या रकमेसाठीच जास्त वापरला जातो. इमारतीच्या कॉमन मीटरचे बिल आणि पर्यावरणविषयक अटींचे पालन या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या कामावर अवलंबून असतात. यंत्र बंद ठेवूनही वीज वाचते आणि यंत्र नीट ठेवूनही वाचते. बिलावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात, आणि बहुतेक घोटाळा इथूनच सुरू होतो.

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, हे याचे उत्तम उदाहरण. पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा तळघरात असलेल्या या प्रकल्पात सर्वाधिक वीज खातो तो टाकीत हवा सोडणारा ब्लोअर. टाकीतले जिवाणू त्या हवेवर जगतात आणि मैला खातात. बिल वाढले की कमिटीच्या बैठकीत कोणीतरी हमखास सुचवतो, ‘रात्री ब्लोअर बंद ठेवू या.’ काही तास हवा थांबली की जिवाणू गुदमरतात, पाणी काळपट होते आणि कुजक्या अंड्याचा वास पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. मग ते पाणी फ्लशला वापरता येत नाही, बागेलाही नाही. ते गटारात सोडले जाते, तिथून अनेकदा मुळा-मुठेत जाते, आणि त्याच्या जागी टँकर मागवावा लागतो.

खरी बचत त्याच ब्लोअरच्या नळीच्या दुसऱ्या टोकाला असते. टाकीच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे काढणारे डिफ्यूजर असतात. त्यांच्या छिद्रांत क्षार आणि शेवाळासारखा थर बसला की हवा बाहेर पडायला अडते, ब्लोअरजवळच्या प्रेशर गेजचा काटा वर चढत जातो आणि मोटर जास्त अँपिअर ओढू लागते. डिफ्यूजर धुतले किंवा बदलले, फिल्टर झटकला, सैल पट्टा ताणला, की वीज कमी लागते आणि पाणीही अधिक स्वच्छ निघते. पैसा आणि नियम दोन्ही एकाच पान्याने सांभाळले जातात, असे दुसरे यंत्र इमारतीत क्वचितच असेल.

जाणता ऑपरेटर सकाळी हवेच्या टाकीतले पाणी लिटरभर मोजपात्रात घेऊन अर्धा तास न हलवता ठेवतो. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी आले तर टाकी तब्येतीत आहे. गाळ तरंगत राहिला किंवा काळा पडला तर काहीतरी बिघडले आहे. (ज्या प्रकल्पांत जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढवतात, तिथे ही खूण तितकी बोलकी नसते.) प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत वाट पाहावी लागते, मोजपात्र मात्र रोज बोलते. त्याचा आकडा रजिस्टरमध्ये लिहिणारे ऑपरेटर दुर्मीळ, आणि ते रजिस्टर उघडून पाहणारे सेक्रेटरी त्याहून दुर्मीळ.

पंपाचा हिशोब सरळ आहे. शंभर सदनिका, घरटी चार माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोज ५४,००० लिटर पाणी वर चढते. चढ ४० मीटर असेल आणि पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर सुमारे १२ युनिट वीज लागते. इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) झिजून, फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप) गळून, गाळणीत कचरा अडकून ही कार्यक्षमता ३५ टक्क्यांवर आली की तेवढ्याच पाण्याला १७ युनिट लागतात. वर्षाला हा फरक १,८०० युनिटांच्या पुढे जातो आणि पाणी वेळेवर येत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. गच्चीवरची टाकी ओसंडून वाहते तेव्हा पाण्याबरोबर वीजही वाया जाते. अशा वेळी मोटरचा वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी हे उपकरण बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पंख्यांसाठी तो योग्य आहे, कारण वेग पाचव्या हिश्शाने कमी केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. टाकीत नुसते पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र उंची गाठावीच लागते, त्यामुळे तिथे तेवढा फायदा होत नाही. फूट व्हॉल्व्ह बदलणे त्याहून कितीतरी स्वस्त.

गच्चीकडे पुणेकर पाहतात ते जूनच्या तोंडावर, ओल दिसू लागली की. विटांच्या तुकड्यांचा कोबा हा इथला जुना उपाय पाणी अडवतो आणि उष्णताही काही प्रमाणात रोखतो. त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चिनी मोझॅक असेल तर ऊन परतवले जाते. कोब्याला भेगा पडल्या की स्लॅबमधली सळई गंजतेच, शिवाय भिजलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत येऊ देते. म्हणजे वॉटरप्रूफिंगचा खर्च एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्याच्या एसीतूनही थोडा वसूल होतो.

एसीबाबत एक समज घट्ट रुजलेला आहे : गॅस दरवर्षी भरून घ्यावा लागतो. गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरणे म्हणजे पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक पक्के करणे. एसीतल्या आर-४१०ए सारख्या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट असते. जुना आर-२२ ओझोन थरालाही घातक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे.

सौर संचांचे दुखणे वेगळे. फेब्रुवारी ते मे हा उन्हाचा उत्तम काळ, आणि नेमका तोच धुळीचाही. आजूबाजूला बांधकाम सुरू असेल तर काचा आठवड्यात मळतात. सोलर हीटरच्या नळ्यांत बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार साचतो आणि लोक विजेच्या बॅकअपचे बटण दाबून मोकळे होतात. पुणे महानगरपालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असल्यास मालमत्ता करात ५ टक्के, दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. ती प्रकल्प चालू असण्यासाठी आहे, नुसता बसवण्यासाठी नाही. बंद संचावर सवलत घेणे हे वीज वाचवण्यासाठी ब्लोअर बंद ठेवण्याचेच भावंड.

कायद्याची चौकट बरीच पसरलेली आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पूर्वमंजुरी लागते, आणि तिच्या अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला द्यायचा असतो. जल (१९७४) आणि वायू (१९८१) कायद्यांखालील संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. २०२६ मध्ये नवे नियम येईपर्यंत लागू असलेल्या घनकचरा नियम, २०१६ नुसार दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणारी संस्था मोठी कचरा-उत्पादक ठरत असे. अशा संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा अशी त्यांत अपेक्षा होती. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत लागते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. महाऊर्जा या राज्य अभिकरणाचे मुख्यालय पुण्यातच आहे.

ही कागदपत्रे बिल्डरच्या नावावर सुरू होतात आणि हस्तांतरणानंतर संस्थेच्या गळ्यात येतात. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत नव्या इमारतींची संख्या मोठी असल्याने हा प्रश्न तिथे ठळक आहे. ताबा घेताना क्लबहाउसच्या टाइल्स बारकाईने पाहिल्या जातात. एसटीपीचे नकाशे, पंपांचे कर्व्ह (किती उंचीवर किती पाणी चढते हे दाखवणारे आलेख) आणि संमतिपत्रांच्या मुदती मागणारा सभासद मात्र सभेत रसभंग करणारा ठरतो.

पैशांची तरतूद गृहसंस्थेच्या उपविधींत आहे : दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) ०.२५ टक्के दरवर्षी. अडचण बहुधा कराराच्या मजकुरात असते. एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, ‘वर्षातून चार व्हिजिट’ लिहिलेले असते, तंत्रज्ञ येतो, पुसतो, सही घेतो आणि जातो. त्याऐवजी प्रत्येक भेटीत ब्लोअरचा दाब व अँपिअर, पंपाला टाकी भरायला लागलेली मिनिटे आणि सौर संचाचे त्या महिन्याचे युनिट नोंदवून आधीच्या भेटीच्या आकड्यांशेजारी लिहायची अट घातली, तर त्याच पैशांत कराराचा खरा उपयोग होतो.