रेआल माद्रिद कास्तिया

स्पेनमधील रेआल माद्रिद या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा राखीव संघ. स्पेनमध्ये राखीव संघांची वेगळी स्पर्धा नसते. ते इतर क्लबांबरोबरच राष्ट्रीय लीगच्या खालच्या श्रेणींत खेळतात. मात्र आपल्या मुख्य संघाच्या श्रेणीत त्यांना खेळता येत नाही. कास्तियाच्या इतिहासातली बरीच उत्कंठा या एका अटीतून आलेली आहे.

संघाचे मूळ रेआल माद्रिदमध्ये नाही. 1930 साली प्लुस उल्त्रा या विमा कंपनीतील कर्मचाऱ्यांनी त्याच नावाचा संघ काढला. पुढे तो रेआल माद्रिदशी जोडला गेला आणि मुख्य संघाला खेळाडू पुरवू लागला. 1972 मध्ये प्लुस उल्त्रा संपुष्टात आला व त्याच्या जागी कास्तिया क्लब दे फुटबॉल उभा राहिला.

कास्तियाचे नाव स्पेनबाहेर पोहोचले ते 1979–80 च्या कोपा देल रे, म्हणजे राजाच्या चषकामुळे. दुसऱ्या श्रेणीतल्या या तरुण संघाने एर्कुलेस, अॅथलेटिक बिल्बाओ, रेआल सोसिएदाद आणि स्पोर्टिंग हिहोन या पहिल्या श्रेणीच्या चार संघांना बाहेर काढले. त्यांपैकी रेआल सोसिएदाद त्या मोसमात लीगमध्ये सलग 32 सामने अपराजित होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटचालीचे मोल कळते. 4 जून 1980 रोजी सांतियागो बेर्नाबेउ मैदानावर अंतिम सामना झाला आणि समोर होता रेआल माद्रिदच. एकाच क्लबचे दोन संघ चषकाच्या अंतिम फेरीत भिडण्याचा हा विलक्षण प्रसंग. मुख्य संघ 6–1 ने जिंकला. पण या पराभवाने कास्तियाच्या कामगिरीला उणेपणा येत नाही. गोलरक्षक आगुस्तिन आणि मध्यरक्षक रिकार्दो गायेगो पुढे मुख्य संघात स्थिरावले.

लीगही रेआल माद्रिदनेच जिंकली होती व तो लीगविजेत्यांच्या युरोपीय चषकात गेला, त्यामुळे युरोपीय चषकविजेत्यांच्या चषकातील जागा उपविजेत्या कास्तियाला मिळाली. पहिल्या फेरीत इंग्लंडच्या वेस्ट हॅमला त्यांनी माद्रिदमध्ये 3–1 असे हरवले. त्या रात्री प्रेक्षकांत दंगल झाल्याने लंडनमधला परतीचा सामना प्रेक्षकांविना खेळवण्यात आला. तिथे जादा वेळेत कास्तिया 5–1 ने हरला आणि एकूण 6–4 अशा फरकाने बाहेर पडला.

1983–84 मध्ये आमान्सियो अमारो यांच्या मार्गदर्शनाखाली कास्तियाने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. राखीव संघाने ही श्रेणी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. दुसरा क्रमांकही बिल्बाओ अॅथलेटिक या, अॅथलेटिक बिल्बाओच्या राखीव संघाचाच होता! दोघांनाही बढती नाकारली गेली आणि एर्कुलेस, रासिंग सांतांदेर व एल्चे हे क्लब वर गेले. एमिलियो बुत्रागेन्यो, मानोलो सांचिस, मार्तिन वास्केझ, मिचेल आणि मिगेल पार्देसा ही ‘किंता देल बुइत्रे’ नावाने गाजलेली पिढी याच संघातली. पार्देसाची कारकीर्द मुख्यतः सारागोसात फुलली. उरलेल्या चौघांच्या जोरावर रेआल माद्रिदने 1986 ते 1990 अशी सलग पाच लीग विजेतेपदे मिळवली. बढतीच्या रकान्यात न दिसणारे कास्तियाचे सर्वांत मोठे यश हेच मानावे लागेल.

1990 च्या सुमारास नियम आणखी कडक झाले. राखीव संघांना कोपा देल रे बंद झाली, त्यामुळे 1980 सारखा अंतिम सामना आता शक्य नाही. स्वतंत्र नाव ठेवण्यासही मनाई झाल्याने कास्तिया हे नाव जाऊन अखेर ‘रेआल माद्रिद ब’ आले. 1997 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. 2004–05 पासून ‘रेआल माद्रिद कास्तिया’ हे नाव रूढ झाले व त्याच मोसमात संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला, तो 2007 पर्यंत टिकला. 2006 पासून माद्रिदमधील वाल्देबेबास येथील आल्फ्रेदो दि स्तेफानो हे त्याचे घरचे मैदान आहे.

2012 मध्ये आल्बेर्तो तोरिल यांच्या संघाने पुन्हा बढती मिळवली. पुढच्या मोसमात नाचो, मोराता आणि हेसे यांच्यासह तो आठवा आला. हेसेने 22 गोल केले. 2014 मध्ये संघ पुन्हा खाली आला.

कास्तियात खेळाडूंप्रमाणे प्रशिक्षकही घडले. व्हिसेंते देल बोस्के 1980 च्या दशकात इथे प्रशिक्षक होते. झिनेदिन झिदान जानेवारी 2016 मध्ये इथूनच मुख्य संघाकडे गेले आणि त्यांनी सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. राउल यांनी 2019 मध्ये सूत्रे घेतली. 2023 मध्ये त्यांचा संघ बढतीच्या अंतिम लढतीत एल्देन्सेकडून हरला.