ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका: चित्रपट कागदावर कुठे बाद होतो

दर वर्षी सप्टेंबर आला की आमच्यासारख्या स्वतंत्र चित्रपट करणाऱ्यांच्या बैठकीत भाकितांना ऊत येतो. व्हेनिस आणि टोरोंटोहून कोणत्या चित्रपटाचे कौतुक आले, कोणाला अमेरिकेत वितरक मिळाला, भारताकडून यंदा कोण जाणार, यावर चहाच्या पैजा लागतात. मीही लावतो; मात्र अलीकडे नाव घेण्याआधी मी त्या चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख पाहतो, कारण निवड समितीने पाहण्याआधीच चांगले चित्रपट कागदावर बाद झालेले मी फार पाहिले आहेत.

‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि मार्च २०२६ च्या सोहळ्यापर्यंत तरी निर्मात्याला तो ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे थेट पाठवता येत नव्हता. भारतात प्रवेशिका मागवणे, समिती नेमणे आणि एक नाव जाहीर करणे हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. २०२४ मध्ये तिथे २९ चित्रपट होते. चित्रपट ४० मिनिटांहून मोठा असावा, निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावेत, इंग्रजी सबटायटल असावीत आणि सर्जनशील नियंत्रण मुख्यतः भारतीयांच्या हाती असावे, या अटी मराठी चित्रपटाला सहसा अडवत नाहीत. अर्ज भरणे सरळ आहे. शुल्काचा आकडा तेवढा आधीच विचारून ठेवावा.

खरी खोच तारखांची आहे. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी जानेवारी ते डिसेंबर या काळात मिळालेले सेन्सॉर प्रमाणपत्र लागते, म्हणून सगळीकडे तसेच असेल असे धरून लोक चालतात. ऑस्करच्या या विभागात प्रमाणपत्राची नव्हे, तर चित्रपटगृहातील प्रदर्शनाची तारीख मोजतात आणि तिचा कालावधी गेली काही वर्षे सरकत आला आहे. मार्च २०२४ च्या सोहळ्यासाठी १ डिसेंबर २०२२ ते ३१ ऑक्टोबर २०२३, त्यापुढच्या सोहळ्यासाठी १ नोव्हेंबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४ आणि त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ असा तो होता. मागील वर्षीची नियमावली उघडून दिवाळीच्या सुमारास प्रदर्शन ठरवणारा निर्माता त्या वर्षापुरता तिथेच संपतो. कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ देशभर २२ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला, पण त्याआधी २१ सप्टेंबरला तो केरळमध्ये मर्यादित स्वरूपात लावण्यात आला होता. तारखांची ही मांडणी कशासाठी असते, हे आता वाचकाच्या ध्यानात येईल. भारताची निवड त्याच्या वाट्याला आली नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमच्या बैठकीत अजून भांडणे होतात.

दुसरी अट सलग सात दिवसांची. व्यावसायिक चित्रपटगृहात, तिकीट विकून आणि रीतसर जाहिरात करून चित्रपट सात दिवस चालला पाहिजे. महोत्सवातले किंवा फिल्म सोसायटीतले खेळ यात धरले जात नाहीत. माझ्या एका मित्राचा चित्रपट तालुक्याच्या गावी दुपारी बाराच्या खेळाला लागला होता. शुक्रवार ते मंगळवार कसेबसे निभावले. बुधवारी तीनच प्रेक्षक आले, तेव्हा व्यवस्थापकाने वातानुकूलन यंत्राचा खर्चही निघत नाही म्हणून पैसे परत करून खेळ रद्द केला आणि सलगता सहाव्या दिवशी तुटली. म्हणून कितीही कमी प्रेक्षक आले तरी खेळ होईल, असे चित्रपटगृहाकडून आधी लेखी घ्यावे. तसेच तिकीटविक्रीचा रोजचा हिशेब, ज्याला थिएटरवाले डीसीआर म्हणतात, त्या त्या दिवशी मागून घ्यावा. महिन्याभराने मागायला गेलेल्या माणसाला ‘उद्या या’ याखेरीज काही मिळत नाही.

या प्रदर्शनाआधी चित्रपट ओटीटीवर, दूरचित्रवाणीवर किंवा यूट्यूबवर आला असेल, तर तो अपात्र ठरतो. ट्रेलरला हरकत नाही.

आता ज्या कागदावर ग्रामीण चित्रपट हमखास अडकतो, त्याकडे येऊ. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक प्रदर्शन करता येत नाही आणि चित्रपटात प्राणी वापरला असेल तर प्रमाणपत्रासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे ना हरकत पत्र लागते. या मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यायची असते, हे बहुतेकांना संकलन संपल्यावर कळते. प्राणी किती, कोणत्या प्रसंगात, पशुवैद्यकाचा दाखला कुठे, असे प्रश्न येतात, आणि तोवर बैलजोडी बाजारात विकली गेलेली असते. जो शेतकरी प्रेमापोटी बैल देतो, त्याच्याकडून दोन वर्षांनी दाखल्यावर अंगठा मागायला जाणे किती लाजिरवाणे असते, ते गेलेल्यालाच ठाऊक. मंडळाचे मुख्यालय हरियाणात बल्लभगडला आहे; तिथून आलेल्या एका शंकेचे उत्तर देण्यात सप्टेंबर निघून जातो. हेतू योग्य आहे, यात वाद नाही. पण दारात दाणे टिपणारी कोंबडी आणि युद्धपटातले घोडे यांना एकाच चाळणीतून का जावे लागते, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, सेकंदाला २४ किंवा ४८ फ्रेम्सची असावी. २५ वर चित्रीकरण केलेल्यांनी ध्वनीसह रूपांतर आधीच तपासून घ्यावे.

‘अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशा मथळ्यांनी अर्जदारांची बरीच दिशाभूल होते. अमेरिकेतील ठरावीक सहा महानगर क्षेत्रांपैकी एकात सात दिवस खेळ लावून अर्ज केला, की चित्रपट सर्वसाधारण विभागांच्या पात्र यादीत येऊ शकतो. जानेवारी २०२५ च्या अशा यादीत ३२३ चित्रपट होते आणि ‘कंगुवा’ हा तमिळ चित्रपटही होता. हे नामांकन नव्हे आणि देशाची निवडही नव्हे. त्यासाठी दलालाला पैसे देण्याआधी हा फरक समजून घ्यावा. श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या लघुपटाची वाट निराळी आहे. अकादमीच्या यादीतील महोत्सवात पात्रता देणारा पुरस्कार मिळाला तर अर्ज करता येतो, आणि बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव त्या यादीत आहे. मात्र पुरस्काराआधी लघुपट यूट्यूबवर टाकलेला नसावा.

तो मित्र सध्या दुसऱ्या चित्रपटाच्या तयारीत आहे. चित्रीकरणाला चार महिने आहेत, कलाकार ठरायचे आहेत, पैसे जमायचे आहेत; मंडळाकडे अर्ज मात्र गेला आहे, एका शेळीचा आणि दोन कोंबड्यांचा.