पडद्यावरचा प्राध्यापक आणि वर्गातला

१५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाला. इन्सॅट-१बी उपग्रह वर्षभरापूर्वी वर गेला होता आणि त्यावरची थोडी वेळ उच्च शिक्षणाला मिळाली होती. आयोगाच्या अध्यक्षपदी तेव्हा माधुरी शाह होत्या, मुंबईच्या एसएनडीटीच्या माजी कुलगुरू. लहान गावातल्या कॉलेजच्या मुलांपर्यंत दर्जेदार शिक्षण पोचावं, हा हेतू. कार्यक्रम तयार करायला काही विद्यापीठांत माध्यम केंद्रं निघाली, त्यांतलं एक पुण्याचं. पण कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत, अभ्यासक्रमाशी थेट न बांधलेले, शिवाय भर दुपारी. त्या वेळी मुलं कॉलेजात आणि टीव्ही बहुधा घरी!

गावातल्या प्राध्यापकाने या कार्यक्रमाचं काय करायचं, याचं उत्तर मात्र योजनेत नीटसं नव्हतं. पडद्यावर कुणी जाणकार बोलणार, मुलं ऐकणार; मधला माणूस वगळलेलाच. याचं नवल अशासाठी की दहा वर्षं आधी हा विचार झाला होता. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून २,४०० खेड्यांत 'साईट'चा प्रयोग झाला, म्हणजे उपग्रहावरून टीव्हीने शिक्षण देण्याचा, तेव्हा प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही त्याच टीव्हीवरून दिलं गेलं होतं. त्या वेळी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते यश पाल. तेच १९८६ मध्ये आयोगाचे अध्यक्ष झाले.

त्याच १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून 'अकॅडमिक स्टाफ कॉलेजं', म्हणजे प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रं, निघाली. ओरिएंटेशन (नव्यांची ओळख-कार्यशाळा) आणि रिफ्रेशर (विषयाची उजळणी) हे शब्द स्टाफरूममध्ये रुळले ते तेव्हापासून. अध्यापनाचं शिक्षण न घेता थेट वर्गात उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकासाठी ही सोय मोलाची होती. पण ती पदोन्नतीला जोडली गेली आणि 'रिफ्रेशर झालं का?' या प्रश्नाचा अर्थ 'प्रमाणपत्र मिळालं का?' असा होऊन बसला. या स्टाफ कॉलेजांत शिकवण्याची चर्चा व्हायची, तंत्र असायचं माध्यम केंद्रात. एकाच विद्यापीठात राहून दोघांची गाठ क्वचितच पडे.

याच सुमारास अमेरिकेत उलट्या टोकाने सुरुवात झाली होती. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या लक्षात आलं की आपली मुलं गणितं सोडवतात, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळतात. १९९१ पासून ते व्याख्यान थांबवून एक प्रश्न टाकू लागले: आधी प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. त्यासाठी हात वर केले किंवा कार्डं दाखवली तरी भागत होतं. बटणं दाबायची 'क्लिकर' यंत्रं नंतर आली. आधी पद्धत, मग साधन. आपल्याकडे हा क्रम फार उशिरा लागला.

कारण इथे पुढची वीस वर्षं साधनंच बदलत राहिली. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा प्रकल्प उभा राहिला. त्यातली व्याख्यानं पाहून अभियांत्रिकीच्या किती मुलांनी परीक्षा पार केल्या असतील! २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' गेला. शिक्षणाला स्वतःचा उपग्रह मिळाला, रचना मात्र तीच: तिकडे तज्ज्ञ, इकडे श्रोते.

वेगळी वाट धरली पवईच्या आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी. माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या केंद्र सरकारच्या २००९ च्या राष्ट्रीय मोहिमेतून पैसा आला, तेव्हा त्यांच्या कार्यशाळांचा विद्यार्थी होता प्राध्यापक. आधी ठिकठिकाणच्या अभियांत्रिकी कॉलेजांतले समन्वयक पवईला येऊन तयार होत. मग दोन आठवड्यांची कार्यशाळा एकाच वेळी देशभरातल्या केंद्रांवर चाले. व्याख्यान पवईहून, पण प्रयोगशाळा आणि शंका त्या-त्या गावच्या समन्वयकाकडे. अमृता विद्यापीठाने बनवलेली 'ए-व्ह्यू' ही थेट दृक्-श्राव्य वर्गाची प्रणाली आणि अभ्याससाहित्य, गृहपाठ ठेवायचं 'मूडल' हे सॉफ्टवेअर ही वापरायची साधनं. दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा हा घाट पुढे आयआयटी खरगपूरबरोबर वाढला. पवईतच 'आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग वर्गासमोर' ही रीत प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात तपासली गेली. २०१३ च्या शोधनिबंधात मुलं सरासरी ८३ टक्के गुंतलेली आढळली. त्या रीतीला लागतात कागद, पेन आणि शेजारी बसलेलं कुणीतरी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत कमी बोललं गेलेलं पान आहे.

९ जुलै २०१७ ला 'स्वयम्' हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. त्यावरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) कॉलेजच्या अभ्यासक्रमात आधी २० टक्क्यांपर्यंत, २०२१ पासून ४० टक्क्यांपर्यंत चालू लागले. २०१६ च्या नियमांनुसार कॉलेजने एक समन्वयक नेमायचा, त्याने मुलांना सोबत करायची आणि प्रात्यक्षिकं घ्यायची. मधला माणूस कागदावर परतला, पण हाताखालचा म्हणून.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पडद्यावर जायची वेळ या मधल्या माणसावरच आली. पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला मोबाइल, मागे कपाट, रेंज गेली की व्हॉट्सअॅपवर धाडलेलं ध्वनिमुद्रण. ही पद्धत कुणी आखलेली नव्हती. तेव्हापासून रिफ्रेशरही ऑनलाइन झालं. पूर्वी त्यासाठी बॅग भरून तीन आठवडे परगावी जावं लागे. आता घरूनच 'जॉइन' होतो आणि मुलांच्या बंद कॅमेऱ्यांबद्दल तक्रार करणारे आम्ही प्राध्यापक तिथे कॅमेरे बंद करून बसतो.