पेट स्कॅन आणि मधुमेहाची गोळी

मधुमेहाचं देशातलं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात ते २६.४ टक्के निघालं, देशाचं ११.४. म्हणून पोटाच्या पेट (PET) स्कॅनमधली एक फसगत गोंयकाराला तरी ठाऊक असायलाच हवी.

या तपासणीत शिरेतून एफडीजी टोचतात. हे ग्लुकोजचंच एक रूप, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं. साखरेच्या भुकेल्या पेशी ते आत ओढतात आणि ते तिथेच अडकून पडतं. तासाभरानं चित्र घेतलं की कॅन्सरची गाठ बहुधा उठून दिसते. पण यंत्राला साखर कुठे साठली एवढंच कळतं, का साठली ते नाही. आतड्याचा टीबीही तसाच उठून दिसतो. उलट, चिकट स्राव भरलेले काही कॅन्सर जेमतेम दिसतात.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची गोष्ट याहून अवघड. ही गोळी आतड्यालाच साखर ओढायला लावते, मोठ्या आतड्याला जास्त. मग पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या चित्रात ते काळंभोर उमटतं: उजव्या कुशीतून वर, बरगड्यांखालून आडवं, डाव्या कुशीतून खाली. ते पाहून आजाराची शंका येऊ शकते. मला जास्त काळजी वाटते ती त्या काळ्या पट्ट्यात लपून राहणाऱ्या लहानशा गाठीची.

पोटच तपासायचं असेल तर अनेक ठिकाणी ही गोळी ४८ तास आधी थांबवतात. मात्र आपल्या मनानं ती बंद करू नये. साखर २००च्या वर गेली तर स्कॅनच पुढे ढकलावा लागू शकतो. आणखी एक घोटाळा पाकिटावरचा. ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचं दुसरं औषध आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतात. ब्रँडचं नाव ठळक, घटक बारीक अक्षरांत. ‘मेटफॉर्मिन घेता का?’ विचारल्यावर माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो! तेव्हा वेळ ठरवायला जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. इन्सुलिन घेत असाल तर तेही सांगा, कारण स्कॅनच्या तोंडावर घेतलेलं इन्सुलिन साखर स्नायूंकडे वळवतं. सकाळची पेज, पाव, गोड चहा बंद. साधं पाणी चालतं.

आणि आतड्यात एकच ठिपका वेगळा उठून दिसत असेल, तर तो मेटफॉर्मिनच्या माथी मारून मोकळं होऊ नये. तिथे कोलोनोस्कोपी करून, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बिणीची नळी घालून, आत पाहावंच लागतं.